मिठाचा वास

मिठाला वास नसतो असं मला शाळेत शिकवलं होतं. लग्न होऊन अंबडला आले आणि ते खोटं ठरलं. माझ्या सासऱ्यांना मिठाचा वास येत असे. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात. तर गॅसवर आमटी रटरटत असली की मामा स्वयंपाकघराच्या दारात येत, मला झाकण उचलायला लावत, मान किंचित पुढे करत आणि निकाल देत. "मीठ कमी हाय." किंवा, "जास्त पडलं, बटाटा टाक." चमचा नाही, तळहातावर थेंब नाही, काही नाही. त्यांची पाठ फिरली की मी चाखून बघे आणि दर वेळी चडफडत बसे, कारण ते बरोबर निघत. सासऱ्याने चुकीचं बोलावं आणि सुनेने मनातल्या मनात हसावं, एवढी साधी सोय संसारात असते. ती मला पहिली एकोणीस वर्षं मिळाली नाही.

ही विद्या त्यांना कंदुरीने दिली होती. कंदुरी म्हणजे पीराला बोललेला नवस फेडायचं जेवण. आमच्या भागात मुसलमान करतात तशी आम्ही शेतकरी मंडळीही करतो. बकरं कापतात, दर्ग्याजवळ मोठ्या डेगीत मटण शिजतं, मुजावर फातिहा पढतो, पहिलं ताट पीराचं निघतं आणि मग पंगत बसते. शिजवायचं काम पुरुषांचं. बायकांनी लांब बसून भाकरी थापायच्या आणि वाऱ्याने येईल तेवढा धूर खायचा. नियम एकच, पण कडक. पीराचं ताट निघेपर्यंत कोणी जिभेला काही लावायचं नाही, शिजवणाऱ्याने तर मुळीच नाही. दोनशे माणसांचं मटण आणि मीठ चाखायला बंदी. म्हणून नाक. मामांचं नाक टेंभुर्णीपासून कुंभार पिंपळगावपर्यंत माहीत होतं. लग्नाची तारीख एकवेळ ब्राह्मणाला विचारून ठरत नसे, पण कंदुरीची तारीख मामांना विचारून ठरे.

तसे मामा फार देवभोळे नव्हते. चतुर्थीला त्यांनी बसस्टँडवर उभं राहून आम्लेट खाल्लेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय. साठीच्या आधीच ज्येष्ठ नागरिक होऊन एसटीचं अर्धं तिकीट काढायचे, आणि कंडक्टरने कार्ड मागितलं की त्याच्या वडिलांची चौकशी सुरू करायचे. पण पीराच्या आधी चाखणं? त्यांचा वैरीसुद्धा तसं बोलला नसता.

मी काय केलं, तर टोमण्याची वेळच येऊ नये म्हणून मामा दारात यायच्या आधी स्वतःच झाकण उचलून वास घेऊ लागले. आधी काही कळायचं नाही. मग हळूहळू कळायला लागलं. मीठ कमी असलं की डाळीचा वास वेगळा येतो, फोडणीचा वेगळा, आणि वर एक कच्चेपणा राहतो. मीठ बरोबर पडलं की सगळे वास एकमेकांत बसतात. हे कळायला मला दहाएक वर्षं लागली. कोणाला सांगितलं नाही. अशी गोष्ट सुनेने सांगायची कोणाला?

मग ती मोठी साथ आली. घरात सगळ्यांनाच ताप आला, सगळ्यांचंच नाक गेलं. आमचं पंधरा-वीस दिवसांत परत आलं. मामा म्हणाले, माझं तर गेलंच नव्हतं. आम्ही मान डोलावली. त्यांचं नाक जाईल हे आम्हाला तरी कुठे खरं वाटलं असतं?

त्यानंतर मात्र मामांचा निकाल एकच येऊ लागला. कमी. वरण कमी, पिठलं कमी, वांग्याची भाजी कमी. माझं नाक म्हणे बरोबर आहे, माझी जीभ म्हणे बरोबर आहे, आणि मी मुकाट्याने चिमूटभर मीठ टाके. एकोणीस वर्षं जो माणूस एकदाही चुकला नाही तो आता कसा चुकेल, आपलंच काहीतरी बिघडलं असेल. तीन वर्षं आमच्या घरी सगळं खारट शिजलं. पाहुणे दोन-दोन तांबे पाणी पिऊन जात. नवऱ्याला रक्तदाबाची गोळी सुरू झाली आणि डॉक्टरांनी विचारलं की घरात मीठ जास्त खाता का. मी ठामपणे म्हणाले, छे, आमच्याकडे तर कमीच असतं.

गेल्या संक्रांतीनंतर मामांच्या छातीत दुखलं. जालन्याला नेलं, एक स्टेंट बसला. डॉक्टरांनी मटण बंद केलं, मिरची बंद केली, तेल नावाला आणि मीठ मोजून चिमूटभर. मामांचा चेहरा बघून त्यांना दया आली असावी. जाता जाता म्हणाले, नदीतला पांढरा मासा चालेल, पण तळून नाही, भाजून. झालं. माझ्या नवऱ्याने ते वाक्य खिशात घातलं आणि तो घरी येईपर्यंत मोबाइलवर मासे भाजायचे व्हिडिओ बघत राहिला.

नवरा जालन्याच्या एमआयडीसीत, सळयांच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. जालन्याच्या माणसाला कुठलीही अडचण सांगा, तो ती सळईने सोडवतो. आमच्या घरी कपडे वाळत घालायचा दांडा सळईचा, दोडक्याचा मांडव सळईचा, पाण्याची टाकी जिच्यावर आहे ती चौकट सळईची. तेव्हा मासा भाजायची जाळी कशाची असणार? आठ दिवसांनी टेम्पोतून ती उतरली. बारा एमएमच्या सळया, वेल्डिंग केलेल्या, चार पाय, अडीच फूट लांब. दोघांनी धरून जिन्याने वर न्यावी लागली. मी म्हटलं, हिच्यावर मासा कशाला, स्लॅबच टाका. त्याला विनोद कळला नाही. तो म्हणाला, लोड घेईल.

वर म्हणजे गच्चीवर. आमच्या सासूबाई माळकरी होत्या. त्या होत्या तोवर मटण-मासे घरात शिजले नाहीत, मामा अंगणात तीन दगड मांडून करायचे. त्या जाऊन आठ वर्षं झाली, अंगणाचं पार्किंग झालं, पण नियम राहिला. मामा म्हणाले, तिच्या चुलीला मासा लागू द्यायचा न्हाई. म्हणून गच्ची.

पहिल्या रविवारी नवऱ्याने आठवडी बाजारातून दोन चिलापी आणल्या. शहागडकडून, गोदावरीतून येणारा हा मासा. मांस पांढरंशुभ्र, काटे मोजके, चव इतकी सौम्य की तिला त्रास द्यायला फार अक्कल लागत नाही. नवऱ्याने आलं-लसूण-हळद एवढी थापली की मासा कुठल्या बाजूने मासा आहे ते कळेना. मग पऱ्हाट्या पेटवल्या. कापसाच्या वाळक्या काड्या त्या, भडकतात भसकन आणि विझतातही तशाच, निखारा म्हणून काही राहत नाही. शेजारच्या काकूंनी वाळत घातलेल्या चादरी मुकाट्याने काढून नेल्या. आणि सळईवर त्या आडव्या रेघा असतात ना, सिमेंटने सळईला घट्ट धरावं म्हणून केलेल्या? त्या रेघांनी मासा धरला. नवऱ्याने उलथनं घालून पलटायला घेतला तर वरचा अर्धा मासा हातात आला आणि खालचा अर्धा सळईतच राहिला. तो त्याने स्क्रूड्रायव्हरने काढला.

मामा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून हे सगळं बघत होते. ताट समोर आल्यावर त्यांनी दोन घास खाल्ले आणि ताट बाजूला सारलं. "कागद चावल्यावानी लागून राह्यलं," म्हणाले. आणि मग, माझ्याकडे बघून, "हिच्या हाताला चवच न्हाई." मासा आणला नवऱ्याने, माखला नवऱ्याने, भाजला नवऱ्याने. चव नव्हती ती माझ्या हाताला.

पण मामा खरोखरच खाईनासे झाले होते. मासा सोडा, भाकरी अर्धी, वरण दोन घोट. सदऱ्याच्या कॉलरमधून मान कोंबडीच्या पिलासारखी दिसायला लागली. टेंभुर्णीला दिलेली माझी नणंद रोज संध्याकाळी फोन करायची आणि पहिला प्रश्न विचारायची, दादांना जेवायला देता ना? वडिलांना ती दादा म्हणते. जणू मी दिवसभर ताट लपवून ठेवते. मला रागही यायचा आणि भीतीही वाटायची. माणूस डोळ्यांदेखत वाळत होता आणि मी त्याला जे देत होते ते त्याला गिळवत नव्हतं.

म्हणून मासा मी हातात घेतला. नवऱ्याला सांगितलं की तू आता फक्त लोड बघ. बाभळीची लाकडं आणली, आधी जाळून निखारे केले आणि त्यांच्यावर पांढरी राख चढेपर्यंत मासा जवळ आणला नाही. सळईवर मक्याच्या कणसाची हिरवी पानं अंथरली. रेघांनी काय धरायचं ते पानांना धरावं. माशाच्या दोन्ही अंगांना तीन-तीन चिरा दिल्या, हळद, चिमूटभर मीठ, थोडं आलं, आणि वरून पानं गुंडाळून ठेवलं. सगळ्यात अवघड म्हणजे हात लावायचा नाही. आमच्याकडे कोणाला जमत नाही हे. विस्तवावर काही ठेवलं की ते ढवळायचं, टोचायचं, उलटायचं, नाहीतर आपण काम करतोय असं वाटत नाही. मी हाताची घडी घालून उभी राहिले. पान उघडलं तेव्हा मासा ओलसर, पांढरा, बोटाने सुटणारा. नवऱ्याने उभ्या उभ्या एक संपवला आणि दुसऱ्याकडे बघितलं.

मामा म्हणाले, सपक हाय.

त्याच आठवड्यात कुंभार पिंपळगावहून त्यांच्या पुतण्याचा फोन आला. बोअरला पाणी लागलं तर कंदुरी करीन असं तो पीराला बोलला होता आणि पाणी लागलं होतं. तीन आठवड्यांनी कंदुरी, आणि मामांशिवाय ती होणार नाही, असं सगळ्या भावकीचं म्हणणं. साथीनंतर कंदुऱ्या थंडावल्या होत्या, मग मामांचं दुखणं निघालं. मधल्या वर्षांत त्यांनी डेग लावलीच नव्हती. नवरा फोनवर नको म्हणत होता. मामांनी फोन त्याच्या हातातून घेतला. "मी हाय ना," म्हणाले. फोन ठेवल्यावर खोलीत येरझाऱ्या घालत राहिले. मला वाटलं, आनंदाने.

पुढच्या बाजारात मासा आणायला ते स्वतःच गेले. म्हणाले, तुम्हाला काही पारख न्हाई. मीही सोबत होते. मासेवाल्या बाईने चिलापी पुढे केली. मामांनी कल्ला उचलला, नाक जवळ नेलं, डोळे मिटले, मान हलवली. ताजा. मी दोन पावलं मागे उभी होते आणि मला तिथून तो मासा कालचाही नाही, परवाचा असावा असा वास येत होता. मासेवाली माझ्याकडे बघत होती. तिलाही कळलं होतं. तिने बिचारीने मुकाट्याने तो मासा ठेवून दुसरा काढला आणि म्हणाली, "मामा, हा घ्या, हा मोठा हाय."

घरी येताना रिक्षात मी एकेक भांडं आठवत गेले. वरण कमी, पिठलं कमी, वांग्याची भाजी कमी.

त्याच संध्याकाळी मी मक्याच्या पानाच्या तीन पुड्या केल्या. एका माशाला मीठ लावलंच नाही. दुसऱ्याला दुप्पट लावलं. तिसऱ्या पुडीत मासाच नव्हता, कांद्याच्या जाड चकत्या होत्या. हे मी का केलं ते प्रामाणिकपणे सांगते. सासऱ्यांच्या प्रकृतीच्या काळजीने केलं नाही. मला त्यांना पकडायचं होतं. निखाऱ्यावरून काढून एकेक पुडी बंद तशीच त्यांच्या नाकाखाली धरली आणि शहाण्या सुनेच्या आवाजात विचारलं, मामा, मीठ बघता का?

पहिली. "कमी हाय." दुसरी. "कमी हाय." तिसरी त्यांनी जरा जास्त वेळ हुंगली. "कमीच हाय," म्हणाले, "पण मासा ताजा हाय."

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? एकोणीस वर्षं थांबलेलं हसू पोटातून वर आलं. पाठोपाठ संतापही आला. तीन वर्षं खारट जेवलो, नवऱ्याची गोळी सुरू झाली, आणि मी स्वतःच्या जिभेपेक्षा या माणसाच्या मेलेल्या नाकावर विश्वास ठेवला. मी तिसरी पुडी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि उघडली.

मामांनी कांद्याकडे पाहिलं. मग खांद्यावरची दस्ती काढून उगीच तोंड पुसलं. नवरा खाली बर्फ आणायला गेला होता. गच्चीवर आम्ही दोघंच.

"कवापासून, मामा?"

"सगळ्यांचं गेल्तं तवा. तुमचं आलं. माझं आलंच न्हाई."

"मंग सांगितलं का न्हाई?"

"काय सांगू?" ते म्हणाले. "नाक गेल्यावर माझ्यात राह्यलं काय सांगायसारखं?"

त्यांनी मग तुटक तुटक सांगितलं. जिभेला फक्त खारट कळतं, आंबट कळतं, तिखट झोंबतं. बाकी सगळं सारखंच. म्हणून मीठ वाढवायला लावायचे. डॉक्टरांनी मीठ काढलं, मिरची काढली. माझा संताप तिथेच बसला. या माणसाच्या ताटात काहीच उरलं नव्हतं, आणि मी त्या ताटापुढे हाताची घडी घालून स्वतःच्या माशावर खूश होत होते. मला लाज वाटली.

कंदुरीला जाऊ नका म्हटलं, डॉक्टरांचं नाव सांगा, कोणाला शंका येणार नाही. ते म्हणाले, "न्हाई गेलो तर म्हातारा संपला म्हणतील. गेलो अन् चुकलो तर तेच म्हणतील. तूच सांग कोणतं बरं." मी म्हटलं, हळूच चाखून बघा, दोनशे माणसांत कोणाचं लक्ष असतंय. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दर्ग्याची चादर चोरायला सांगितली होती.

"पीराच्या आधी?"

तेव्हा मी ते बोलून गेले. म्हटलं, मला येतो मिठाचा वास.

मामा हसले. दोन महिन्यांत पहिल्यांदा हसले, आणि तेही माझ्यावर. मग पुढचे दोन रविवार गच्चीवर माझी परीक्षा झाली. मी पाठ करून उभी राहायचे, ते माशांना मीठ लावायचे, पुड्या निखाऱ्यावर ठेवायचे आणि मी हुंगून सांगायचे. नवऱ्याला वाटलं, म्हाताऱ्याला मासे भाजायचा नाद लागला, बरं झालं. पहिल्या दिवशी तीनपैकी दोन बरोबर आले. तिसऱ्याला मी जास्त म्हणाले. मामा म्हणाले, बिलकुल न्हाई, मी माझ्या हाताने टाकलंय, बराबर हाय. मी चाखून पाहिलं. खारट होता. मी त्यांच्यापुढे पान सरकवलं. त्यांनी एक घास जिभेवर ठेवला आणि पान हळूच माझ्याकडे परत सरकवलं. अखेर मला ती साधी सोय मिळाली.

मासाही बदलला. आता तो नाकासाठी भाजायचाच नव्हता. जिभेला आणि दातांना काय कळेल ते बघायचं होतं. पान काढून शेवटी मासा तेलाचा हात फिरवून थेट सळईवर ठेवायचा, म्हणजे कातडी कुरकुरीत होते. वर लिंबू सढळ हाताने, काळी मिरी, किसलेली कैरी, शेजारी कच्चा कांदा, आणि ताट गरमागरम, चटका बसेल असं. पहिल्या दिवशी अर्धा मासा गेला. दुसऱ्या रविवारी सबंध गेला आणि त्यांनी सळईला चिकटलेली कातडीही नखाने काढून खाल्ली. सळईच्या रेघांचा शेवटी कोणाला तरी उपयोग झाला.

कंदुरीच्या दिवशी मी डॉक्टरांची फाइल छातीशी धरून डेगीच्या शेजारी उभी राहिले. दोन-तीन भाऊबंदांनी सांगितलं, वहिनी, तुम्ही भाकरीकडं बसा. मी फाइल उघडून दाखवली. दर अर्ध्या तासाला गोळी, म्हटलं, जबाबदारी घेता का? कोणी घेतली नाही. आमच्यात बाईला जिथे उभं राहता येत नाही तिथे डॉक्टरांची फाइल सहज उभी राहते. आमचं ठरलं होतं. मीठ हवं असेल तर मी म्हणायचं, मामा, गोळी. पुरे झालं की म्हणायचं, मामा, पाणी.

मामांनी झाकण उचलायला लावलं, नेहमीसारखी मान पुढे केली, डोळे मिटले. सगळे श्वास धरून. मी त्यांच्या खांद्याआडून वास घेतला. मसाला एकीकडे, मटण एकीकडे, मध्ये कच्चेपणा. "मामा, गोळी." त्यांनी बडीशेपेची गोळी चघळत दोन ओंजळी मीठ टाकलं. पुन्हा झाकण, पुन्हा मान. अजून नाही. "मामा, गोळी." कोणीतरी मागे कुजबुजलं की म्हाताऱ्याला फार गोळ्या आहेत. आमटीचं पातेलं वेगळं आणि दोनशे माणसांची डेग वेगळी, शिवाय चुकले असते तर ती चूक माझी कोणी म्हटली नसती, त्यांची म्हटली असती. तिसऱ्या वेळी झाकण उचललं आणि सगळे वास एकमेकांत बसले होते.

"मामा, पाणी."

फातिहा झाला. पीराचं ताट निघालं. मुजावर मामांचे लहानपणीचे दोस्त, पहिला घास त्यांचा. ते सावकाश चावत राहिले. मी मामांच्या हातातल्या पाण्याच्या पेल्याकडे बघत होते.

"नमक बिलकुल बराबर है," मुजावर म्हणाले. मग मामांकडे जरा रोखून पाहिलं. "पर आज हाथ अलग लग रहा, दोस्त."

"उमर झाली," मामा म्हणाले.

पंगत उठली. लोक मामांच्या नाकाचं कौतुक करत हात धुवत होते. मामा एका कडेला बसून मी घरून आणलेला गार मासा आणि अर्धी भाकरी खात होते, कारण मटण त्यांना बंद. परतीच्या गाडीत ते खिडकीला डोकं टेकून झोपून गेले. आमच्या घरी आभार मानायची पद्धत नाही, मी वाटही बघत नव्हते. थोडी बघत होते.

नणंद कंदुरीहून आमच्याबरोबर अंबडला आली. दुसऱ्या दिवशी रविवार. दादा काय खातात ते मला बघायचंच आहे, म्हणाली, आणि गच्चीवर जाळीकडे पाठ करून, दादांच्या समोर खुर्ची टाकून बसली. मी पहिला मासा सळईवरून काढून मामांच्या ताटात ठेवला. लिंबू, मिरी, कैरी, कांदा. मामांनी लेकीदेखत ताट उचललं, मान पुढे केली, डोळे मिटले.

"मीठ कमी हाय."

मी ताट घेतलं, कठड्याजवळ गेले, मिठाचा डबा उघडला, तसाच झाकला आणि ताट परत आणून ठेवलं. नणंदेने हे पाहिलं नाही. तिचं लक्ष माझ्या स्वयंपाकाच्या इतिहासात होतं. ती म्हणाली, "बावीस वर्षं झाली घरात येऊन, अजून हिला मिठाचा अंदाज न्हाई."

मामा खात होते. कातडी दाताखाली वाजत होती. त्यांनी एक काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला.

"तिनं टाकलंच न्हाई मीठ," ते म्हणाले. "पयल्यापासून बराबर होतं."

नणंद माझ्याकडे बघायला लागली, मग त्यांच्याकडे. "मंग तुम्ही कमी का म्हणले?"

मामांनी रिकामं ताट माझ्यापुढे धरलं, दुसऱ्या माशासाठी.

"सवय," म्हणाले.